लव्हबर्ड दगावला, सासऱ्यांचा ताप हटेना: पक्षी घराबाहेर काढायचे का?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. गॅलरीत लव्हबर्ड आणि कॉकाटील पाळले आहेत. महिन्याभरापूर्वी एक नवी जोडी आणली. त्यातला एक पक्षी पिसे फुगवून बसायचा, हिरवट पातळ विष्ठा करायचा, आणि काही दिवसांत मेला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सासऱ्यांना (वय ६७, आयुष्यभर यंत्रमागावर काम) जोराचा ताप, असह्य डोकेदुखी आणि कोरडा खोकला सुरू झाला. विडाल (टायफॉइडसाठीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून अॅडमिट करून टायफॉइडची इंजेक्शने चालू केली, पण ताप उतरत नाही. एक्स-रेत उजव्या बाजूला खाली न्यूमोनियाचा डाग दिसतो, आता टीबीची शंका घेतली जात आहे. घरात धाकटी जाऊ सात महिन्यांची गरोदर आहे. शेजारी म्हणतात, पक्षी सोडून द्या. मुलगा पिंजऱ्याजवळून हलत नाही. काय करावे?

ताई, पक्षी सोडू नका आणि विकूही नका. त्याचे कारण पुढे सांगतो. त्याआधी आज एक काम करा. डॉक्टर राउंडला आले की त्यांना स्वतःहून सांगा: "घरात पक्षी आहेत, नवा आणलेला एक आजारी पडून मेला, आणि त्यानंतर यांना ताप आला." सगळ्या तारखा एका कागदावर लिहून केसपेपरला लावायला द्या. पक्षी कधी आणला, कधी मेला, ताप कधी आला. हे वाक्य नातेवाइकांकडून आले नाही, तर बहुतेक वेळा ते केसपेपरवर येतच नाही.

मी सोलापुरात छातीच्या आजारांचे काम करतो. आपल्या गावात खोकल्याला कारणे शोधावी लागत नाहीत. विडी वळणाऱ्या बायका तंबाखूच्या भुकटीत बसतात, कारखान्यात सुताची तूस उडते, टीबी तर घराघरांत ठाऊक आहे. ही कारणे खोटी नाहीत, रोज ओपीडीत दिसतात. म्हणूनच सासऱ्यांसारखा माणूस समोर आला की "यंत्रमागावर होते" या दोन शब्दांवर विचार थांबतो. पिंजऱ्याची चौकशी कोणी करत नाही. सिटाकोसिस, म्हणजे पक्ष्यांकडून माणसाला होणारा फुप्फुसाचा संसर्ग, याच फटीतून निसटतो. त्याची एकेक तपासणी सांगण्याआधी मी हे सांगतो, कारण या रोगात सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे एक प्रश्न आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

हा आजार क्लॅमिडिया सिटासी नावाच्या जिवाणूमुळे होतो. पोपटाच्या कुळातले पक्षी, म्हणजे लव्हबर्ड, बजरीगर, कॉकाटील, मकाव, तसेच कबुतरे, बदके, टर्की यांच्यात तो सापडतो. कोंबड्यांत तुलनेने कमी. हा जिवाणू पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढू शकत नाही. पण पेशीबाहेर पडताना तो एक टणक, निद्रिस्त रूप घेतो, आणि त्या रूपात वाळलेल्या विष्ठेत आठवडेच्या आठवडे तग धरतो. पिंजऱ्याच्या तळाशी वाळलेली ती विष्ठा, पिसांचा भुगा आणि पक्ष्याच्या नाकाडोळ्यांतला स्राव यांची बारीक धूळ श्वासातून माणसाच्या फुप्फुसात जाते. पक्ष्याला हात लावलाच पाहिजे असे नाही. चोचीला तोंड लावणे, ओठांतून दाणा भरवणे, चावा, यांतूनही लागण होते, पण मुख्य वाट धुळीची. लागण झाल्यापासून साधारण ५ ते १४ दिवसांत ताप येतो. तुमच्या तारखा या हिशेबात बसतात.

पक्षी वरून ठणठणीत दिसत असतानाही जिवाणू बाहेर टाकत असू शकतो, ही यातली अवघड बाब. एरवी तो शांत असतो. खोक्यात कोंबून लांबचा प्रवास, दुकानातली गर्दी, थंडी, अंडी घालण्याचा ताण, अशा वेळी तो जोराने बाहेर पडू लागतो. म्हणून नवा आणलेला पक्षी पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत धोक्याचा. तुमच्या जुन्या पक्ष्यांत एकही आजारी दिसत नाही, म्हणून ते सुटले असे समजू नका.

हा आजार घराघरांत कसा शिरतो हे पहिल्यांदा नीट मांडले गेले ते १८७९मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये. याकोब रिटर नावाच्या डॉक्टरने एकाच घराशी संबंध आलेल्या ७ जणांना विचित्र न्यूमोनिया झाल्याचे लिहिले. त्यांतले ३ दगावले, आणि संशय घरातल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर आला. पुढे १९२९-३०मध्ये दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांच्या व्यापारातून अमेरिका आणि युरोपात साथ पसरली. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यावर काम करणाऱ्यांनाच लागण झाली. एक सहायक त्यात गेला, आणि मुख्य संशोधक चार्ल्स आर्मस्ट्राँग स्वतः मरता मरता वाचले. त्या काळात औषध नव्हते, आणि आजारी पडलेल्या दर सहा-सात जणांमागे एखादा जायचा. आज योग्य औषध वेळेवर मिळाले तर मृत्यू शंभरात एखादा. इतका फरक पडला तो औषधाने, पण ते कुठले औषध, यावर सगळे अवलंबून आहे.

आता तुमच्या सासऱ्यांच्या इंजेक्शनांकडे येतो. टायफॉइडला सहसा सेफ्ट्रिअॅक्सोन देतात. हे औषध जिवाणूच्या भिंतीवर मारा करते. क्लॅमिडियाला तशी नेहमीची भिंत नसते, आणि तो पेशीच्या आत लपलेला असतो, त्यामुळे अॅमॉक्सिसिलिन काय किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन काय, ही औषधे इथे फारशी चालत नाहीत. चालते ते डॉक्सिसायक्लिन. मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण १० ते १४ दिवस. निदान बरोबर असेल तर बहुतेक रुग्णांचा ताप २४ ते ४८ तासांत खाली येऊ लागतो, आणि तो उतारच पुष्कळदा निदानाला बळ देतो. डॉक्सिसायक्लिन महाग नाही, सोलापुरात कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. तरी स्वतःहून आणून देऊ नका. ते अॅडमिट आहेत, इतर औषधे चालू आहेत, डॉक्टरांनाच ठरवू द्या. मात्र "डॉक्सी सुरू करता येईल का?" असे विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

विडालबद्दलही बोलायला हवे. आपल्या भागात टायफॉइड होऊन गेलेले, नकळत लागण झालेले इतके लोक आहेत की एकाच नमुन्यावरची विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड ठरत नाही. दुसऱ्या तापांतही ती पॉझिटिव्ह दिसते. टायफॉइडचा खरा पुरावा म्हणजे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेले ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघणे. त्यातून सिटाकोसिस आणि टायफॉइड यांचे चेहरे एकमेकांशी जुळतात: चढा ताप, डोके ठणकणे, कधी प्लीहा वाढलेली, पांढऱ्या पेशी फारशा न वाढलेल्या. आणखी एक खूण दोन्हींत सारखी असते, ती तुम्ही स्वतः बघू शकता. ताप १०३ असताना नाडी साधारणपणे ११०-१२०च्या घरात असायला हवी. हाताखाली नाडी धरली आणि ती पूर्ण मिनिटभर मोजून ८५-९०च भरली, तर ते ध्यानात घेण्यासारखे आहे. वॉर्डात सिस्टर तापाचा तक्ता लिहितात, त्यात नाडीचाही रकाना असतो. दोन्ही रेघा एकत्र बघायला डॉक्टरांना सांगा. याने सिटाकोसिस सिद्ध होत नाही, पण साध्या न्यूमोनियापासून विचार थोडा बाजूला सरकतो.

या आजारात कान-छाती जुळत नाही हाही अनुभव आहे. स्टेथोस्कोप लावला तर फारसे काही ऐकू येत नाही, रुग्ण मात्र गळून गेलेला असतो, आणि एक्स-रे काढला की अपेक्षेपेक्षा मोठा डाग दिसतो. डोकेदुखी तर इतकी असते की काहींची मेंदूज्वराची तपासणी आधी होते. यकृताच्या चाचण्या थोड्या वाढलेल्या आढळतात.

नेमक्या तपासणीचे सांगतो. घशातल्या किंवा कफाच्या नमुन्यावर क्लॅमिडिया सिटासीचा पीसीआर (जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) हा सर्वांत भरवशाचा. तो सगळ्या लॅबमध्ये होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. इथे एक घोटाळा वारंवार होतो: न्यूमोनियाचे अनेक जंतू एकदम शोधणारे जे मोठे पीसीआर पॅनेल असते त्यात "क्लॅमिडिया न्यूमोनी" असते. तो वेगळा जिवाणू आहे, माणसामाणसांत पसरणारा. तो निगेटिव्ह आला म्हणून सिटाकोसिस नाही, असा अर्थ काढू नये. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी आताची एक आणि दोन ते चार आठवड्यांनी दुसरी, अशी जोडीने करतात. पातळी चौपट चढली तर अर्थ लागतो. पण तोवर उपचार थांबवून ठेवायचे नसतात. शंका बळकट असेल तर आधी नमुने घ्यायचे आणि लगेच औषध सुरू करायचे, हेच योग्य.

आणि टीबी? कफात टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी जरूर करून घ्या. ६७ वर्षांचा यंत्रमाग कामगार, सोलापूर, फुप्फुसात डाग, तेव्हा ती करायलाच हवी, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पण दहा-बारा दिवसांत उसळलेला, डोके फोडणारा ताप हा टीबीचा नेहमीचा स्वभाव नाही. टीबी बहुधा आठवडे-महिने हळूहळू पोखरते. रिपोर्ट यायच्या आत नुसत्या शंकेवर टीबीची औषधे सुरू करण्याची घाई नको, एवढेच म्हणेन.

कबुतरांमुळे होणारे फुप्फुसाचे दुखणे हेच का, असेही लोक विचारतात. २०२५मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हापासून तर फारच. ते दुखणे बहुतांशी वेगळे. कबुतराच्या पिसांतली आणि विष्ठेतली प्रथिने वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने फुप्फुसाला अॅलर्जीची सूज येते, पुढे ते आकसते, दम लागतो. त्यात जिवाणू नसतो, अँटिबायोटिक उपयोगी पडत नाही, आणि तिथे पक्ष्यांपासून कायमचे दूर जाणे हाच मुख्य उपचार. सिटाकोसिस हा संसर्ग आहे, तो औषधाने बरा होतो. आपल्याकडे गच्चीवर कबुतरांचे ढाबळ सांभाळणारे शौकीन आहेत. त्यांना दोन्ही होऊ शकते, म्हणून त्यांच्या बाबतीत हा भेद फार जपून करावा लागतो. तुमच्या घरी मात्र सगळे महिन्याभरात घडले आहे, त्यामुळे मला संसर्गाचीच शंका जास्त येते.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा वाचली: सासरे गॅलरीला लागून असलेल्या खोलीत झोपतात आणि कूलर त्याच खिडकीत आहे. सोलापूरचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो. त्याच्या जाळीमागे हातभरावर पिंजरा असेल, आणि सकाळी केरसुणीने गॅलरी झाडली जात असेल, तर ती धूळ सरळ त्या खाटेवर येते. गवताच्या ओल्या पट्ट्यांत थोडी अडकते, सगळी नाही. पिंजऱ्याला कोणी हात लावत होते ते मुलगा, आणि आजारी पडले आजोबा, याचे कोडे पडले असेल तर उत्तर बहुधा इथे आहे. वयही आहेच. मुलांत हा आजार सौम्य जातो किंवा लक्षातही येत नाही. आज कूलर बंद करा, पिंजरा त्या खिडकीपासून दूर न्या, पट्ट्या बदला आणि टाकी धुऊन काढा.

गरोदर जाऊबाईंना काही दिवस माहेरी किंवा दुसऱ्या नातेवाइकांकडे पाठवता आले तर पाठवा. ते जमत नसेल तर गॅलरी, पिंजरा, सासऱ्यांचे त्या खोलीतले अंथरूण, यांपैकी कशालाही त्यांनी हात लावू नये. गरोदरपणात हा आजार क्वचित होतो, पण झाला तर आई आणि बाळ दोघांवर बेततो. त्यांना ताप, डोकेदुखी, खोकला यांतले काहीही वाटले तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना पक्ष्यांची हकिगत सांगून दाखवा. त्यांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, अॅझिथ्रोमायसिनसारखे औषध देतात. याच निमित्ताने गावाकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट. याच कुळातला क्लॅमिडिया अबॉर्टस नावाचा जिवाणू शेळ्या-मेंढ्यांत गर्भपात घडवतो. १९९९पर्यंत त्याला सिटासीचाच प्रकार मानत. सांगोला, मंगळवेढ्याकडे मेंढ्या-शेळ्या घरोघर आहेत. गाभडलेल्या शेळीचा जार, करडू किंवा तो गोठा गरोदर बाईने कधीही साफ करू नये. हे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, हातमोजे घालून करावे.

माणसाकडून माणसाला हा आजार फार क्वचित लागतो, म्हणून सासऱ्यांची सेवा करताना घाबरू नका. मास्क आणि हात धुणे पुरे. घरातल्या बाकीच्यांना ताप नसेल तर त्यांना औषध द्यायची गरज नाही, पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. अंड्या-मटणाचीही भीती नको, नीट शिजवलेल्या अन्नातून हा पसरत नाही.

आता पक्षी. लव्हबर्ड, कॉकाटील हे इथले पक्षी नाहीत. मोकळे सोडले तर उन्हात, कावळ्या-घारींच्या तावडीत एखाद-दोन दिवसांत मरतील, आणि मरण्याआधी जिथे बसतील तिथे संसर्ग सांडतील. विकले तर तुमच्यावर आले ते दुसऱ्या घरावर जाईल, कदाचित जिथे आणखी एखादी गरोदर बाई असेल. त्यांच्यावर उपचार होतात. पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला दाखवा. ते चोचीच्या आतून आणि विष्ठाद्वारातून नमुना घेतील. जिवाणू थांबून थांबून बाहेर पडतो, त्यामुळे एकदा निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असे नसते. उपचार ठरला तर पक्ष्यांनाही डॉक्सिसायक्लिनच देतात, पण सामान्यतः ४५ दिवस. लोक पंधराव्या दिवशी पक्षी चिवचिवू लागला की औषध सोडतात आणि सगळे पुन्हा सुरू होते. या काळात पिंजऱ्यातले समुद्रफेस आणि कॅल्शियमचे खडे काढून ठेवायचे, कारण कॅल्शियम औषधाला बांधून टाकते. माणसांनाही हाच नियम: गोळी दूध, ताक, लोह किंवा अॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेऊ नये, भांडेभर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. औषध चालू असताना ऊन चटकन भाजते, सासऱ्यांना घरी आणल्यावर दुपारी बाहेर पाठवू नका.

साफसफाई मुलाकडे देऊ नका. निरोगी मोठ्या माणसाने करावी, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. साधा कापडी मास्क या धुळीला पुरत नाही. केरसुणी नको, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको, दोन्हींनी धूळ हवेत जाते. आधी पिंजऱ्याच्या तळावर, ट्रेवर आणि फरशीवर साबणाचे पाणी फवारून सगळे चिंब करा. दहा मिनिटे भिजू द्या. तळातले वर्तमानपत्र ओले असतानाच कडांनी आत दुमडत गुंडाळा, पिशवीत घाला, तोंड बांधा, दुसऱ्या पिशवीत घाला. मग घासून धुवा. घाण निघाल्यावर एक वाटी ब्लीचला ३२ वाट्या पाणी असे द्रावण लावून पाच-दहा मिनिटे ठेवा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. घाणीवरच ब्लीच ओतून उपयोग नाही, तिथे त्याची ताकद मरते. आणि ब्लीच अॅसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो. पक्षी त्या वेळी दुसऱ्या पिंजऱ्यात, दुसरीकडे. यानंतर तळातला कागद रोज ओला करून बदलायचा.

यापुढे नवा पक्षी आणाल तेव्हा तो किमान महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवा, आणि दाणापाणी आधी जुन्यांना, मग त्याला. पुन्हा एखादा मेला तर उघड्यावर फेकू नका. दोन पिशव्यांत बांधून पशुवैद्यकाकडे न्या, शवविच्छेदनात पुष्कळ कळते. एकदम बरेच पक्षी मेले तर तो बर्ड फ्लूचाही इशारा असतो. तो विषाणूचा, पूर्ण निराळा आजार. अशा वेळी पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवावे. आणि रानातून पकडलेला हिरवा राघू कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर घेऊ नका. तो पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

मुलाला सांगा, पक्षी घरातच राहणार आहेत, फक्त दीड महिना त्याने त्यांच्याकडे लांबून बघायचे. चोचीला ओठ लावायचे नाहीत, खांद्यावर घ्यायचे नाही, जेवणाच्या ताटाजवळ आणायचे नाही. खांद्यावर घेण्याचे पक्षी बरे झाल्यावर हात धुण्याच्या अटीवर पुन्हा बोलता येईल, ओठांचे आणि ताटाचे मात्र कधीच नाही.

डॉक्सी सुरू झाल्यापासून ४८ तासांचा ताप आणि नाडी लिहून ठेवा. तेवढ्यात उतार पडला नाही, श्वासाचा वेग मिनिटाला तीसच्या पुढे गेला, ऑक्सिजन ९४च्या खाली आला किंवा ते बरळू लागले, तर वाट न पाहता आयसीयूची सोय असलेल्या ठिकाणी हलवा, आणि पक्ष्यांच्या तारखांचा तो कागद सोबत न्या.